रुळाच्या सांध्याचं गणित

आमच्या घरात केमिस्ट्री ह्यांची होती आणि बाकीची पुस्तकं माझी. हे पाटोद्याच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायचे. मी गावातल्याच एका हायस्कुलात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी दोघंही वाचत बसायचो, पण एकमेकांच्या पुस्तकात डोकवायची सवय आम्हाला नव्हती. मी कादंबरी वाचत असले की हे मधूनच ती हातातून घ्यायचे, शेवटचं पान बघायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. त्यांच्या पुस्तकातल्या बाणाच्या अलीकडे काय असतं आणि पलीकडे काय होतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. संसाराला त्याची गरज पडली नव्हती.

आमची मुलगी त्यांच्याच कॉलेजात बारावीला होती. वर्गात ती इतरांसारखी एक. घरी मात्र रविवारची सकाळ तिची. पुढच्या खोलीत एक जुना फळा होता. प्रकरण संपत आलं की हे तिला त्या फळ्यापाशी उभं करायचे आणि स्वतः फळ्याकडे पाठ करून ताटात शेंगा फोडत बसायचे. प्रकरणातलं शेवटचं गणित तिनं बोलून सोडवायचं, प्रत्येक पायरी मोठ्यानं. हे वळून बघायचे नाहीत.

"बघितलं की माझीच जीभ वळवळती," म्हणायचे. "नुसतं ऐकलं की तुझी चूक तुलाच ऐकू येती."

चुकलं तर ते काही बोलायचे नाहीत, फक्त शेंगा फोडायचं थांबवायचे. ती पुन्हा मागे जायची. बरोबर आलं की विचारायचे, "आणि उरलं काय?" त्याचं उत्तर मिळालं की मग पुढचं प्रकरण. त्याआधी पुढचं पान उलटायचं नाही, असा घरातला नियम होता. हा नियम कुणी केला होता असं नाही. तिच्या आठवीपासून तसंच चालत आलं होतं.

त्या आषाढात हे एकदा म्हणाले, "चला, रूळ जोडतात ते बघून येऊ."

बीडला रेल्वे येणार हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आष्टीपर्यंत ती आली तेव्हा माणसं नुसती गाडी बघायला गेली होती. आता पुढचं काम आमच्या तालुक्यातून चाललं होतं. आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर निघालो, मुलगी मध्ये आणि मी मागे डबा धरून. माळावर खडीचा लांब बांध घातलेला होता, त्यावर रूळ अंथरलेले. दोन रुळांच्या टोकांमध्ये बोटभर फट होती. फटीभोवती वाळूचा साचा बसवला होता आणि त्याच्या कडा ओल्या मातीनं लिंपल्या होत्या. आधी गॅसच्या ज्योतीनं ती टोकं लाल होईपर्यंत तापवली. मग वर एक भांडं ठेवलं, त्यात करडी भुकटी. एकानं फुलबाजीसारखी काडी पेटवून त्यात खुपसली आणि शेजारच्याला दटावलं, "मागं सर बे, डोळे द्यायचेत का?"

दुसरा म्हणाला, "तुझ्याच बायकूनं पाठीवलंय बघायला, म्हातारा मरतो का न्हाई ते."

"मग लांबनं बघ की."

त्यानंतर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भांड्याच्या तोंडातून पांढरा जाळ उठला, बघवेना इतका पांढरा. आवाज मात्र फार नव्हता. थोड्या वेळानं भांड्याच्या बुडातून वितळलेलं लोखंड साच्यात उतरलं. सगळं शांत झालं. माणसांनी साचा फोडला, वर आलेलं जास्तीचं लोखंड गरम असतानाच छिन्नीनं कापून टाकलं. दोन रुळांचा एक रूळ झाला होता.

हे लग्नाला आल्यासारखे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर हसू.

परत येताना एका पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मुलीनं विचारलं, "पप्पा, लोखंड वितळवायची आग त्या भुकटीत होती?"

"आग नव्हती. भुकटीत गंज होता आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा लई जास्त. ते गंजातनं ऑक्सिजन ओढून घेतं, लोखंड मोकळं होतं. ह्या अदलाबदलीत उष्णता बाहेर पडती. आता ती किती पडली, ते कशावर ठरतं?"

"भुकटी किती त्याच्यावर."

"कुठली भुकटी? दोन हायत."

ह्यांचं बालपण किराणा दुकानात गेलेलं. ते दुकान आता माझे धाकटे दीर चालवतात. ह्यांना कुठलीही गोष्ट समजावून सांगायची झाली की ते तिथंच जायचे.

"काकाच्या दुकानात तीन दांड्या पडल्यात आणि चार पारडी. तराजू किती बांधून होतील?"

"दोन. आणि एक दांडी उरेल."

"आधी काय संपलं?"

"पारडी."

"आकडा कुणाचा मोठा होता?"

"पारड्यांचाच."

"मग आकड्याच्या तोंडाकडं बघून फसू नको. एका तराजूला किती लागतं त्यानं भागून बघ. जे आधी संपतं ते लिमिटिंग. सगळा हिशेब त्याच्यावर. दुसरं कितीबी उरू दे, त्याला कुणी विचारत न्हाई."

"आणि काकाला एका पारड्याचाच तराजू द्या. तेवढ्यावर भागेल त्याचं."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "काकाला सांगू नको. आता तुझं गणित घे. तीनशे वीस ग्रॅम आयर्न ऑक्साइड, एक्क्याऐंशी ग्रॅम ॲल्युमिनियम. एकाला दोन, असं समीकरण. डेल्टा एच वजा आठशे बावन्न किलोजूल. ही आठशे बावन्न पुऱ्या तराजूची, पारड्याची न्हाई, एवढं ध्यानात ठेव. उष्णता किती निघाली? थर्मोचं शेवटचं गणित हे. पुस्तकातलं नको."

थर्मो म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, बारावीच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण. ते संपायला श्रावण लागला.

एका शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, थर्मो झालं. परवा रुळाचं गणित सांगते." हे म्हणाले, "शेंगा आणायला पाहिजेत."

शनिवारी सकाळी आंघोळ करून हे पूजेला बसले आणि पाठीत कळ आली म्हणून भिंतीला टेकले. गावातल्या डॉक्टरांनी बीडला न्यायला सांगितलं. दिरांनी गाडी काढली. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मांजरसुंब्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "पोरगी?" मी म्हटलं, कॉलेजात आहे. त्यांनी मान हलवली. मग त्यांचा हात गार पडू लागला. मी तो चोळायला लागले. घाट उतरला, बीड दिसायला लागलं, तरी चोळतच होते. दवाखान्यात कुणीतरी माझ्या हातातून तो सोडवून घेतला.

आमच्यात दहन करत नाहीत. ह्यांना बसवून, विभूती लावून, बेलाची पानं घालून मातीत ठेवलं. मुलगी रडली नाही. आलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मग तिच्याकडे. "पोरीला रडू द्या," असं मला सांगायच्या, जणू मीच तिला अडवून धरलं होतं.

ती कॉलेजात जायला लागली. ह्यांच्या जागी दुसरे सर आले, तरुण होते, चांगले शिकवायचे. वर्ग पाचव्या प्रकरणावर गेला, मग सहाव्यावर. ही बाकाच्या कडेला बसून खिडकीबाहेर बघायची. चाचणी झाली तेव्हा सरांनी मला शाळेत येऊन सांगितलं, "मॅडम, चौथ्यापर्यंतचं सगळं बरोबर आहे. पाचव्या प्रकरणाचे प्रश्न तिनं वाचलेलेसुद्धा नाहीत. नुसतं कोरं सोडलंय. काही बोलली का घरी?"

घरी ती काहीच बोलत नव्हती. पण दर रविवारी, तीच वेळ झाली की फळ्यापाशी उभी राहायची आणि रुळाचं गणित मांडायची. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. खाली उत्तर लिहायची, सतराशे चार. ते थोडा वेळ बघायची आणि पुसून टाकायची.

"नाही आलं," म्हणायची. "आलं की पाचवं घेते."

भाद्रपद गेला, दसरा गेला. त्या वर्षी आम्हाला सणवार नव्हतेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. दीर एका दुपारी दुकान बंद करून आले. चहा घेईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, एक बोलू का? ह्या वर्षी तिला बसवू नका."

"का हो?"

"नापास झाली तर अजून खचंल. काहून तरास द्यायचा पोरीला? एक वर्ष घरी राहू द्या. पुढच्या साली आर्ट्सला टाका. तुमीबी आर्ट्सच्याच की. काय वाईट झालं तुमचं?"

"तिला विचारलं का?"

"इचारलं. म्हणली, एक गणित यायचंय, ते आलं की बघते." ते खाली बघत राहिले. "वहिनी, तीन महिनं एक गणित येत न्हाई म्हणजे काय? दादा असता तर गोष्ट येगळी होती. आता आपल्या घरात त्यातलं कुणाला कळतंय?"

त्यांचं चूक नव्हतं. माझ्या मनातही तेच येत होतं, की हिला हे गणित येत नाही, आणि ज्यांनी ते समजावलं असतं ते नाहीत. नव्या सरांकडे जा म्हटलं तर ती ऐकत नव्हती. दीर गेले तशी मी ठरवलं, आपणच शिकून घ्यायचं. दिवाळीची सुट्टी हातात होती.

शाळेच्या ग्रंथालयातून मी आधी दहावीचं विज्ञान आणलं, मग अकरावीची केमिस्ट्री. आमच्या वेळी आम्ही 'उष्मादायी' आणि 'उष्माग्राही' असे शब्द पाठ केले होते, अर्थ न विचारता. आता दुपारी मागच्या दारात बसून मी पेन्सिलीनं एकेक ओळ वाचू लागले. मोल म्हणजे मोजायचा एक गठ्ठा, ऑक्साइडचा एकशे साठ ग्रॅमचा, ॲल्युमिनियमचा सत्तावीसचा, एवढंच समजायला चार दुपारी गेल्या. कधी कधी एखादं वाक्य कळायचं आणि त्यासरशी ह्यांचा आवाज ऐकू यायचा. पुलाच्या कठड्यावर बसलेले, तोंडात घास असताना बोलणारे. वजा चिन्हाचा अर्थ पुस्तकात दिला होता, उष्णता बाहेर गेली म्हणून वजा. हे तो कसा सांगत असतील, कुठल्या बरणीचं, कुठल्या पोत्याचं उदाहरण देत असतील, याचा मी विचार करत बसायचे आणि पुढचं वाचायचं राहायचं. इतक्या वर्षांत मी त्यांचा एकही तास ऐकला नव्हता. आता एका प्रकरणापुरती त्यांच्या वर्गात बसले होते.

पहिल्यांदा मी गणित केलं तेव्हा उत्तर आलं दोन हजार पाचशे छप्पन्न. ॲल्युमिनियमचे तीन मोल, तिनाला आठशे बावन्ननं गुणलं. मग आठवलं, आठशे बावन्न पुऱ्या तराजूची, पारड्याची नाही. खोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. ऑक्साइडचे दोन मोल, ॲल्युमिनियमचे तीन. दोन कमी, म्हणजे ऑक्साइड आधी संपणार. दोनदा आठशे बावन्न. सतराशे चार.

मला इतका आनंद झाला की मी तशीच वही घेऊन आत गेले. ती ज्वारी पाखडत होती.

"अगं, तुझं बरोबर आहे की. माझंही सतराशे चारच आलं."

तिनं सूप थांबवलं. वहीकडे पाहिलंही नाही. "तू गणित केलंस?"

"केलं. दोनदा."

"चूक आहे ते, आई."

"तुझंपण तेच येतंय ना?"

"माझंपण चूक आहे." ती पुन्हा पाखडायला लागली. "अकरावीचं पुस्तक तू आणलंस होय? मला वाटलं शाळेत कुणी मागितलंय."

मी मागच्या दारात येऊन बसले. पुन्हा मांडलं. दोन आणि तीन. आकड्याच्या तोंडाकडं बघून फसू नको. दोन दांड्यांना पारडी चार लागतात, आहेत तीन. म्हणजे तीन हा आकडा मोठा असूनही तोच तोकडा. तराजू होणार दीड. मोलाला दीड चालतो, अर्ध्या पोत्यासारखा. दीडला आठशे बावन्न, बाराशे अठ्ठ्याहत्तर. ऑक्साइड अर्धा मोल तसंच पडून राहणार.

हे बरोबर आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शिवणीत टाका बसावा तसं ते बसलं होतं. आणि तेव्हाच दुसरी गोष्ट लक्षात आली. हे गणित पुस्तकातलं नव्हतं. पाठीमागे उत्तरं छापलेली नव्हती. ह्यांनी ते पुलावर बसून मनानं रचलं होतं आणि उत्तर सांगितलं नव्हतं. मग तिचं चूक आहे हे तिला कळतं कसं?

मी लगेच आत गेले नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ती पीठ मळत होती, मी भाजी चिरत होते. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "एकशे साठ ग्रॅम ऑक्साइड असेल आणि सत्तावीस ग्रॅम ॲल्युमिनियम, तर?"

"चारशे सव्वीस," ती म्हणाली. हात थांबला नाही. "ॲल्युमिनियम आधी संपतं. ऑक्साइड निम्मं उरतं. आई, हे फार सोपं दिलंस, एकास एक घेतलंस की..."

मग हात थांबला. पिठावर बोटांचे ठसे तसेच राहिले.

मी कांदा चिरत राहिले. कांदा असला की बरं असतं.

"रुळाचं नाही येत ना तुला?" मी विचारलं.

"येतं."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी आलं होतं. परत येताना गाडीवर. पप्पा म्हणाले असते, एवढी घाई कशाला, म्हणून सांगितलं नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज बराच वेळ येत होता. ती बंद पडल्यावर मुलगी म्हणाली, "काकाला सांगणार आहेस?"

"काय सांगू?"

"मी मुद्दाम चुकवते म्हणून."

"नाही सांगत."

"पाचवं पप्पांनी मला शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "चौथं त्यांनी शिकवलंय. पाचवं उघडलं की मग सगळं दुसऱ्यांनीच शिकवलेलं. मग ते संपतंच ना, आई."

मला तिला पुष्कळ सांगता आलं असतं. माणूस गेला तरी शिकवलेलं जात नाही, वगैरे. भेटायला येणाऱ्या माणसांनी ते मलाही सांगितलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. शिवाय गेले पंधरा दिवस मीही त्याच प्रकरणात बसून होते. ते लवकर संपू नये म्हणून कळलेलं वाक्यही परत वाचत होते. तिला मी काय तोंडानं सांगणार होते?

"पीठ वाळेल," मी म्हटलं.

तिनं पाणी लावून ते पुन्हा मळायला घेतलं.

त्या आठवड्यात आम्ही त्यावर बोललो नाही. फॉर्मची तारीख जवळ येत होती. दीर एकदा दारातूनच विचारून गेले, "काय ठरलं?" मी म्हटलं, अजून नाही. मुलगी आत ऐकत होती. मी तिला म्हटलं नाही की बस, आणि म्हटलं नाही की बसू नको. मला खरंच ठाऊक नव्हतं. तिला पुढे ढकलायचं म्हणजे तिच्या बापापासून दूर ढकलायचं, असं मला वाटायला लागलं होतं. आणि न ढकलावं तर ती त्या फळ्यापाशी म्हातारी होईल.

रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. आंघोळ केलेली, वेणी ओली. "आई, तू ऐकतेस का?"

मी पुढच्या खोलीत गेले. बसायला पाट मीच घेतला. शेंगा घरात नव्हत्या, आणि असत्या तरी मी त्या घेतल्या नसत्या. फळ्याकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून बसले. समोर भिंत. ह्यांना इतकी वर्षं तीच भिंत दिसत होती हे मला त्या दिवशी समजलं. तिच्यावर काहीही नव्हतं.

मागे खडूचा आवाज झाला. ती बोलायला लागली. आधी समीकरण, मग वस्तुमानाचे मोल. आवाज सुरुवातीला कोरडा होता, शाळेत धडा वाचावा तसा. आयर्न ऑक्साइड दोन मोल. ॲल्युमिनियम तीन मोल. ऑक्साइडचे दोन मोल पुरे वापरायला ॲल्युमिनियमचे चार लागतील. आहेत तीन.

तिथे ती थांबली.

मला वळून बघायचं होतं. वळले नाही. एवढं मी त्यांच्याकडून शिकले होते. भिंतीकडे बघत तशीच बसले. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता आणि तिचाही.

"म्हणून ॲल्युमिनियम आधी संपतं," ती म्हणाली. आता आवाज लहान झाला होता. "तीन भागिले दोन, दीड. दीड गुणिले आठशे बावन्न, बाराशे अठ्ठ्याहत्तर. बाराशे अठ्ठ्याहत्तर किलोजूल उष्णता बाहेर पडते."

यापुढे काय विचारायचं ते मला माहीत होतं. "आणि उरलं काय?"

मग खडू ठेवल्याचा आवाज आला आणि ती माझ्या पाठीला पाठ लावून खाली बसली. तिची पाठ हलत होती. बायका म्हणत होत्या तसं ते रडणं मोठं नव्हतं. बराच वेळ चाललं. मीही रडले, पण मला ते नवीन नव्हतं. मधे एकदा दारावर कुणी तरी आलं आणि आवाज ऐकून परत गेलं.

शेवटी ती नाक ओढत म्हणाली, "ऐंशी ग्रॅम ऑक्साइड."

"हं."

"तू बरोबर केलं होतंस का नंतर?"

"केलं होतं."

"मग पाचवं तूपण वाच माझ्याबरोबर."

मी हो म्हटलं. त्या दुपारी तिनं पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. वरच्या ओळीत एक शब्द होता, तो तिलाही येत नव्हता आणि मलाही. पूर्वी अशा वेळी ती आतल्या खोलीकडे हाक मारायची. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि पेन्सिलीनं शब्दाखाली रेघ ओढली. "सरांना विचारते उद्या," म्हणाली. मग पुढची ओळ वाचायला लागली. पाचवं तिचं तिला वाचू देऊन मी तिथून उठले आणि मागच्या दारात जाऊन बसले. माझ्या हातात अकरावीचं पुस्तक होतं, ते मी शाळा उघडल्यावर परत जागेवर ठेवलं.

फॉर्म भरला. दिरांनी पेढे आणले नाहीत, पण परीक्षेच्या दिवसांत रोज सकाळी गाडी घेऊन दारात उभे राहायचे. ह्यांना बीडला नेलं त्याच गाडीत ती पुढच्या सीटवर बसायची. मागे मी कधी बसले नाही. घरातूनच तिला निरोप द्यायचे.

केमिस्ट्रीत तिला बेताचे मार्क पडले. चौथ्या प्रकरणावरचा प्रश्न पूर्ण बरोबर होता, बाकी कमी-जास्त. आता ती संभाजीनगरला बी.एस्सी. करते आहे. विषय केमिस्ट्रीच घेतला. तिला आवडतो म्हणून घेतला की ह्यांचा म्हणून, हे मी विचारलेलं नाही. पूर्वी मी तिच्या आवाजावरून ओळखायचे ती कुठल्या प्रकरणात आहे. आता ती ज्या गोष्टी सांगते त्यातलं मला काही कळत नाही, आणि ह्यांनाही कदाचित सगळं कळलं नसतं. ती भराभर बोलते. मधेच हसते. कुणा मैत्रिणीचं नाव घेते.

परवा फोनवर म्हणाली, "आई, घरी माझं बारावीचं पुस्तक आहे का अजून?"

"आहे."

"पाचवं वाचलंस का कधी?"

"नाही."

"वाच की. थर्मोपेक्षा सोपं आहे."

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, दर वेळी हेच म्हणतेस. मग तिची बस आली आणि तिनं फोन ठेवला.